फोन वाजेपर्यंत

तिला सगळे कात्री म्हणायचे. तोंडावर कात्रीताई, माघारी नुसतीच कात्री. या नावामागे दोन कारणं होती आणि दोन्ही खरी होती. एक तर ती एका फोटो स्टुडिओच्या मागच्या खोलीत बसून लग्नाच्या व्हिडिओंची काटछाट करायची. आणि दुसरं कारण म्हणजे तिची जीभ.

स्टुडिओत ती लागली ती टायपिंगसाठी. व्हिडिओच्या सुरुवातीला नवरानवरीची, आईवडलांची नावं बिनचूक टाकायची, एवढंच काम. मग ऐन सीझनमध्ये तिथला एडिटर मालकांशी भांडून निघून गेला आणि ढीगभर लग्नं अर्धवट पडून राहिली. लोक दारात येऊन मालकांचा उद्धार करायला लागले. मालक तिला म्हणाले, "तू रोज त्याच्या शेजारीच बसायचीस ना? काय काय दाबायचा ते बघितलं असशीलच."

तिने बघितलं होतं. पहिली दोन-तीन लग्नं करताना नाकी नऊ आले, एका नवऱ्या मुलाचं लग्न चुकून भलत्याच नवरीशी लागता लागता राहिलं, पण मग हात बसला. त्यानंतर त्या खुर्चीवर दुसरं कोणी बसलं नाही.

लग्नाच्या व्हिडिओचा एकच नियम असतो: कोणी सुटता कामा नये. आत्या दिसली आणि मावशी दिसली नाही तर मालकांना फोन येतो. जेवणाच्या रांगेतला शेवटचा माणूससुद्धा दिसला पाहिजे, आणि जेवताना वाईट दिसता कामा नये. आवाजाचं मात्र कोणाला काही पडलेलं नसतं. सगळ्या बोलण्यावर गाणं चढवायचं की झालं. म्हणून ती कायम स्पीकर बंद ठेवून काम करायची. दिवसभर तिच्यासमोर माणसं बिनआवाजाची हसायची, रडायची, भांडायची, आणि ही चहा पीत त्यांना कापत बसायची.

एकदा एक कुटुंब जुना व्हिडिओ घेऊन आलं. लग्नात आलेल्या व्याह्यांशी आता बोलणं बंद झालं होतं, तर त्यांना सगळ्या व्हिडिओतून काढून टाका म्हणे. हिने काढलं. जिथे जिथे व्याही होते तिथे तिथे फुलदाणी आली. व्हिडिओ परत नेताना त्या घरातले आजोबा म्हणाले, "फुलदाण्या जरा जास्तच झाल्या नाहीत का?" ही म्हणाली, "माणसं सांभाळली असतीत तर कमी झाल्या असत्या." मालकांनी कपाळाला हात लावला. अशी ती.

घरी नवरा, सासूबाई आणि ती. मुलगी शिकायला वसतिगृहात. नवरा फ्रिज दुरुस्त करायचा. शांत माणूस, दिवसातली निम्मी वाक्यं बिघडलेल्या फ्रिजशी बोलायचा. सासूबाईंचं मात्र कशानेच समाधान व्हायचं नाही. टीव्हीसमोर बसायच्या, पण कुठलीही गोष्ट शेवटपर्यंत बघायच्या नाहीत. "पुढचं मला कळलं," म्हणायच्या आणि उठायच्या. वाईट म्हणजे त्यांना खरंच कळलेलं असायचं.

तर या घरात एका रविवारी नवऱ्याचा भाचा आला. नणंदेचा मुलगा. नोकरी सोडून सिनेमा करायला निघाला होता, त्यामुळे नातेवाइकांत त्याचं नाव निघालं की सगळे मूग गिळून बसायचे. त्याने आल्या आल्या एक हार्ड डिस्क टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "मामी, माझं घोडं अडलंय."

सिनेमा चोरीचा होता. फर्निचरच्या शोरूममधून काढून टाकलेली एक कॅशियर बाई, एक कुलपं दुरुस्त करणारा आणि एक टेम्पोवाला, अशी तिघं मिळून त्याच शोरूमच्या गोदामातली तिजोरी फोडतात. बाई माहिती देते, कुलूपवाला आत जातो, टेम्पोवाला मागच्या शटरबाहेर पहारा करतो. सगळी मंडळी ओळखीची, हौशी. टेम्पोवाल्याचं काम एका टेलरमास्तरांनी केलं होतं. त्यांना घ्यायचं मुख्य कारण असं, की त्यांच्या मेव्हण्याचा टेम्पो होता.

"मग अडलंय काय?" तिने विचारलं.

"आधीचा एडिटर सोडून गेला. आणि तिजोरी."

"तिजोरीचं काय?"

"थर्माकोलची आहे."

"असेना का. दिसायला बरी आहे ना?"

"दिसायला बरी आहे गं. पण कुलूपवाला तिला टेकला."

त्याने तो तुकडा लावून दाखवला. कुलूपवाला घाम पुसत तिजोरीला खांदा लावतो, आणि ती एवढी मोठी लोखंडी तिजोरी उशीसारखी आत दबते. मग फुगून परत वर येते. प्रत्येक टेकमध्ये काही ना काही होतंच. एकात दरवाजा उघडताना अख्खी तिजोरीच जागची हलते, एकात रंगाचा पोपडा कुलूपवाल्याच्या कोपराला चिकटून बाहेर येतो. शूटिंगच्या गडबडीत कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. आणि पुन्हा शूट करायचं तर गोदामात आता कोणाचे तरी टायर भरले होते.

"चोरीच्या सिनेमात चोरीच दाखवता येत नाही," भाचा म्हणाला. "आधीचा एडिटर म्हणाला, याचा विनोदी सिनेमा कर."

"मी लग्नं कापते बाबा. मला गोष्टीतलं काय कळतं?"

"तुझ्याइतकी माणसं कोणी कापलीत?"

या वाक्याला ती फसली, असं ती स्वतःच नंतर सांगायची.

दुपारी स्टुडिओतलं काम हलकं असलं की ती हे काम घ्यायची. मालकांची हरकत नव्हती, फक्त "लग्नं मागे पडता कामा नयेत" एवढी अट होती. तिने पहिला सिनेमा जोडला तो लग्नासारखाच. कोणी सुटलं नाही. तिघांनाही सारखा वेळ, एकानंतर एक, सगळ्यावर धडधडतं संगीत, आणि तिजोरी दबते तिथे फुलदाणी नव्हती म्हणून कुलूपवाल्याच्या घामाचा क्लोजअप. घरी सगळ्यांना बसवून दाखवला. सासूबाई चोरी सुरू व्हायच्या आतच उठल्या.

"आई, बसा ना. आता तर खरी गंमत आहे."

"फोडणार ना तिजोरी? फोडू देत," म्हणाल्या आणि आत गेल्या.

नवरा शेवटपर्यंत बसला. मग सावकाश म्हणाला, "ती तिजोरी हलली का?"

भाचा उठला. पायात चपला सरकवल्या आणि गेला. तिला वाटलं, सुटले. पण दोन दिवसांनी तो चांगले म्हणून गाजलेले दहा-बारा चोरीचे सिनेमे घेऊन हजर. "हे बघ. नाही जमलं तर सोडून देऊ."

तिने ते बघितले. सवयीप्रमाणे आवाज बंद करून. आणि बघता बघता तिच्या एक लक्षात आलं, की तिजोरी उघडते तेव्हा ती चहाचा कप उचलते. पण आत चोर असताना बाहेर एखादा साधा सफाईवाला झाडू घेऊन जिन्याकडे निघाला, की कप हातातच राहतो. हे तिने भाच्याला सांगितलं.

तो म्हणाला, "बरोबर आहे. प्रेक्षकाला आधी सगळा बेत नीट सांगायचा. अमुक वाजता हा इथे, तो तिथे. मग तो बेत एकेक करून मोडत जायचा. बेत माहीतच नसेल तर तो मोडतोय हे कळणार कसं? म्हणून तर मी सुरुवातीला नकाशाचा एवढा मोठा सीन लिहिला. तूच तो कापलास."

"मला वाटलं नुसती बडबड आहे."

"बडबडच आहे. पण लागते."

तिने तो सीन परत लावला. मग तिला एक जुनं लग्न आठवलं. भर कार्यक्रमात अंगठी सापडेना. नवऱ्या मुलाचे वडील एकामागून एक खिसे चाचपत होते, शर्टाचा, पँटचा, पुन्हा शर्टाचा. ती जागा काढून टाकायला तिला सांगितलं होतं, घाईत ती राहून गेली. नंतर त्या घरचे लोक सांगायला आले, की आम्ही सगळा व्हिडिओ पुढे पळवतो आणि तेवढंच बघतो. तिने भाच्याला विचारलं, "त्यात अंगठी कोण बघत होतं? बापाचे हात बघत होते सगळे."

मग भाचा म्हणाला, "तिजोरी दाखवायचीच नाही?"

"ऐकवू. बघायचं मात्र बाहेरच्या माणसाकडे."

ठरलं. कुलूपवाला आत गेला की आपण आत जायचंच नाही. टेम्पोवाल्याबरोबर शटरबाहेर उभं राहायचं. आतून फक्त आवाज येणार. आता तिजोरीचा आवाज आणायचा कुठून, तर नवऱ्याने पहिल्यांदाच तोंड घातलं. "माझ्याकडे एक जुना फ्रिज आहे. दार जड आहे त्याचं." मग दोन दुपारी त्या घरात फ्रिज फोडण्याचा कार्यक्रम झाला. नवरा पान्याने बिजागरी करकचवायचा, कॉम्प्रेसरवर हातोडी मारायचा, भाचा ब्लँकेट डोक्यावर घेऊन रेकॉर्ड करायचा. शेजारणीने येऊन विचारलं, घरात सगळं ठीक आहे ना? सासूबाई म्हणाल्या, "चोरी चाललीये. तुम्ही जा."

आवाज झाले, पण त्याखाली दाखवायला चित्र पुरेना. टेलरमास्तरांचे बाहेरचे शॉट्स थोडेच होते, आणि त्यांत मास्तर अभिनय करत होते. म्हणजे घाबरल्यासारखं दाखवायला डोळे मोठे करायचे, दर दोन सेकंदांनी घड्याळ बघायचे. तिने टाकाऊ शॉट्सचा फोल्डर उघडला. आणि त्यात तिला ते सापडलं.

शेवटच्या दिवशीचं होतं. आत दिवा बिघडला म्हणून कॅमेरामन आणि भाचा दोघंही आत गेलेले, आणि बाहेर ट्रायपॉडवर कॅमेरा चालूच राहिला होता. समोर टेम्पो आणि मास्तर. त्यांना कॅमेऱ्याचं भान नाही. बराच वेळ ते काहीच करत नाहीत. मग टेम्पोचं दार उघडतात, कारण नसताना, आणि बंद करतात. शर्टाच्या बाहीने आरसा पुसतात. फोन काढून बघतात, खिशात ठेवतात, हात खिशावरच राहतो. रस्त्याकडे बघतात. पुन्हा आरसा पुसतात, आधीच पुसलेला. मग फोन वाजत असावा, कारण हात पुन्हा खिशाकडे जातो. खांदे किंचित वर जातात. ते लगेच उचलत नाहीत. उचलतात, कानाला लावतात, एक-दोन शब्द बोलतात आणि टेम्पोच्या पायरीवर बसतात. बसतात म्हणजे, उभं राहायचं विसरतात असं वाटतं. थोड्या वेळाने कोणीतरी आतून हाक मारत असावं, कारण ते उठतात, पँट झटकतात आणि चौकटीबाहेर जातात.

तिने तो तुकडा जसाच्या तसा घेतला. त्याखाली फ्रिजचे आवाज, योग्य जागी फोनची एक रिंग, संगीत नाही. मधे भाच्याने लिहिलेला आणि आधीच शूट झालेला सायकलवाला: एक परका माणूस येऊन पत्ता विचारतो, आणि उत्तर मिळालं तरी जात नाही. चेन पडलीये म्हणून तिथेच सायकल उलटी करून बसतो. हा सीन भाच्याचा, आणि फार चांगला सुचलेला. तो गेल्यावर मास्तरांचं ते उभं राहणं, मग फोन, मग ते बसणं. बघणाऱ्याला वाटावं, आतून निरोप आला, सगळं फसलं. आणि मग शटर वर जातं.

पुन्हा घरी सगळ्यांना बसवलं. सासूबाई दाराजवळची खुर्ची धरून बसल्या, उठायला सोपी म्हणून. नकाशाच्या सीनला त्या "हं" म्हणाल्या. कुलूपवाला आत गेला. करकर सुरू झाली. सायकलवाला आला. सासूबाई पुढे सरकल्या.

"सांगितला ना पत्ता! आता जा की मेल्या!"

"आई, चोर ते आहेत. तो बिचारा साधा माणूस आहे."

"असू दे साधा. एवढे कष्ट करताहेत ते, आणि हा चेन लावत बसलाय!"

फोन वाजला आणि मास्तर पायरीवर बसले तेव्हा खोलीत कोणी हललं नाही. शेवट झाल्यावर सासूबाईंनी विचारलं, "काय झालं त्याला? एवढा का बसला तो?" आणि मग, आयुष्यात पहिल्यांदाच, "पुन्हा लाव तेवढं."

भाच्याने मामीचे पायच धरले. आपला सिनेमा म्हणजे हा एक तुकडा आहे, बाकी सगळं त्याला उचलून धरायला आहे, असं तो म्हणाला. तीही तेच म्हणाली, आणि ते खरंही होतं.

मग आवाजाचं शेवटचं काम उरलं. रस्त्याचा, गाड्यांचा, पावलांचा आवाज बसवायचा होता. मास्तरांच्या कॉलरला त्या दिवशी छोटा माइक लावलेला होता आणि तो काढायचा राहून गेला होता. त्याची फाइल तिने शोधली, चित्राला जुळवली, आणि स्पीकर चालू केला.

फोन वाजला.

"हं. बोल," मास्तरांचा आवाज आला. मग बराच वेळ काही नाही. "कधी? ... हं. ... आईला सांगितलंस? नको, मी आल्यावर सांगू. ... नाही रे, इथलं आटपून येतो. आता निघून तरी काय करू."

एवढंच. मग पायरीवर बसल्याचा पत्र्याचा आवाज, आणि श्वास. आतून कोणीतरी ओरडलं, "मास्तर, चला, शॉट रेडी!" आणि मास्तर म्हणाले, "आलो."

तिने स्पीकर बंद केला. बाहेर मालक कोणाच्या तरी पासपोर्टच्या फोटोवरून वाद घालत होते. ती उठून बाहेर गेली, पाण्याची बाटली भरली, परत आली. भाच्याला फोन केला. "मास्तरांच्या घरी काय झालं होतं त्या वेळी?"

"त्यांचे वडील गेले ना, त्याच आठवड्यात. शूटिंग संपल्यावर कळलं. का गं?"

"काही नाही. त्यांचं दुकान कुठे आहे ते सांग."

दुकान एका दवाखान्याशेजारी होतं, अरुंद आणि लांबट. पुढे कापायचं टेबल, मागे दोन मशीन, भिंतीवर कागदी साचे टांगलेले. मास्तर बारीक, पन्नाशीचे, गळ्यात टेप. तिला वाटलं होतं, आधी इकडचं तिकडचं बोलू. पण ते तिला कधीच जमलं नव्हतं.

"मास्तर, तुमचे वडील गेल्याचा फोन माझ्याकडे आहे," ती म्हणाली. "म्हणजे तुम्ही तो घेताना. कॅमेरा चालू राहिला होता. मी तो सिनेमात घातलाय. मला माहीत नव्हतं. आता कळलं म्हणून आले."

मास्तरांनी हातातला खडू टेबलावर ठेवला. "आवाजसुद्धा?"

"आवाज नाही घातला. नुसतं दिसतं."

"दाखवा."

तिने लॅपटॉप आणला होता. कापडाचे तुकडे बाजूला सारून टेबलावर ठेवला. मास्तर उभ्यानेच बघत होते. पहिलं काय बोलले तर, "डावा खांदा उतरलाय बघा शर्टाचा. मीच शिवलेला, आणि बघा." आरसा पुसताना एकदा "अरे," म्हणाले. फोन वाजला, पायरीवर बसणं झालं, सगळं संपलं. त्यांनी पुन्हा लावायला सांगितलं नाही.

"हे चांगलं झालंय?" त्यांनी विचारलं.

तिला खोटं बोलता आलं असतं. "सगळ्या सिनेमात एवढंच चांगलं झालंय," ती म्हणाली. "माझ्या सासूबाई खुर्चीवरून उठल्या नाहीत. पण तुम्ही म्हणालात काढा, तर काढीन."

मास्तर स्टुलावर बसले. "सकाळपासून भाऊ तिथे होता दवाखान्यात. मला म्हणाला, तू जा, तुझं शेवटचं काम आहे, कळवतो काही असलं तर. टेम्पो संध्याकाळी परत द्यायचा होता. मी गेलो नसतो तर सगळ्यांचंच अडलं असतं. म्हणून उभा होतो." त्यांनी टेप गळ्यातून काढून गुंडाळली. "मग धावायचा सीन केला आम्ही. चांगला धावलो म्हणे मी."

"चांगला धावलात."

बाहेर एक बाई ब्लाउज न्यायला आली. मास्तरांनी तिचं पुडकं दिलं, "हुक पक्के केलेत" असं सांगितलं, आणि परत येऊन बसले.

"असं करा ताई," ते म्हणाले. "फोन वाजेपर्यंतचा मी तुमचा. तुम्हाला काय लावायचं ते लावा. त्याच्यानंतरचा माझा."

नेमकं तेच तर सगळं होतं. पण ती "बरं" म्हणाली.

"आणि ते पुसू नका. मला द्या. आत्ता बघवणार नाही, पण असू दे माझ्याकडे."

भाच्याशी त्या संध्याकाळी जे झालं ते भांडणच. तो आधी समजावत होता, मग हात जोडत होता, मग आवाज चढला. "अगं, कोणाला कळणारे? आवाज नाही, काही नाही. एक माणूस फोन घेतो आणि बसतो. बस!"

"त्यांना कळतं."

"मामी, तो शॉट म्हणजेच सिनेमा आहे. तूच म्हणालीस."

"म्हणाले. अजून म्हणते. सिनेमा तुझा आहे रे, पण बाप त्यांचा आहे."

"हे लग्न नाहीये, फुलदाणी लावून भागायला!"

हे तिला लागलं. तिने हार्ड डिस्क त्याच्यापुढे सरकवली. "मग तू काप. मी अडवत नाही. पण मास्तरांना तोंड दाखवायला तू जायचंस."

तो डिस्क घेऊन गेला. चार दिवस फोन नाही. नणंदेचा मात्र आला, वहिनी तुम्हाला एवढं काय पडलंय, पोराचं आयुष्य आहे. तिने ऐकून घेतलं. नवरा म्हणाला, "येईल." पाचव्या दिवशी तो आलाच. डिस्क टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "मी दुकानासमोरून जाऊन आलो. आत नाही गेलो. काप."

तिने कापलं. फोन वाजतो, मास्तरांचे खांदे किंचित वर जातात, हात खिशाकडे जातो, आणि तिथेच शटर वर जातं. तिने ते किती तरी प्रकारांनी करून बघितलं. आधीइतकं चांगलं ते कधीच झालं नाही. याबद्दल तिने स्वतःची समजूत वगैरे घातली नाही. चांगला सिनेमा होता, तो जरा कमी चांगला झाला.

तुकडा तिने मास्तरांना नेऊन दिला आणि स्वतःकडचा पुसून टाकला.

पहिला खेळ एका वाचनालयाच्या सभागृहात झाला. घडीच्या खुर्च्या, पडद्याला एक सुरकुती, पंख्यांचा आवाज. ओळखीचे आणि ओळखीच्यांचे ओळखीचे मिळून जागा भरली. मास्तर बायकोला आणि म्हाताऱ्या आईला घेऊन आले होते. कात्री सगळ्यात मागे, दाराशी बसली. तिला पडदा बघायचाच नव्हता, डोकी बघायची होती. नकाशाच्या सीनला डोकी इकडे तिकडे होत होती. कुलूपवाला आत गेला आणि फ्रिज करकरला, तेव्हा थांबली. सायकलवाल्याला कोणीतरी मोठ्याने शिवी दिली आणि सगळे हसले, आणि लगेच गप्प झाले. फोन वाजला. एकही डोकं हललं नाही. शटर वर गेलं तेव्हा पुढच्या रांगेतल्या एका माणसाने श्वास सोडला, तो मागेपर्यंत ऐकू आला.

नंतर भाचा पुढे उभा राहिला. लोकांनी प्रश्न विचारले. एका तरुण मुलीने विचारलं, "तो टेम्पोवाल्याला फोन येतो, तो कोणाचा होता? पुढे काहीच कळत नाही."

भाच्याने तोंड उघडलं. त्याची नजर मास्तरांकडे गेली. मास्तर गुडघ्यांवर हात ठेवून सरळ बसले होते.

"राँग नंबर," भाचा म्हणाला.

लोक हसले. "ही तुमची चूक आहे," ती मुलगी म्हणाली, "प्रेक्षकाला फसवल्यासारखं वाटतं." आणि भाच्याने ते मुकाट्याने मान्य केलं.

बाहेर पडताना गर्दीत मास्तर आणि त्यांची आई कात्रीच्या पुढेच होते. आई मुलाचा दंड धरून सावकाश पायऱ्या उतरत होती. म्हणाली, "किती घाबरून उभा होतास रे त्या टेम्पोपाशी. अगदी खरं वाटलं. तुला हे येतं, माहीतच नव्हतं."

"हं," मास्तर म्हणाले. "पायरी आहे, बघ."

कात्री थोडी मागे राहिली, त्यांना पुढे जाऊ दिलं.

सिनेमा पुढे आणखी चार-दोन ठिकाणी लागला, मग इंटरनेटवर गेला आणि बऱ्यापैकी लोकांनी बघितला. कोणी लिहिलं, तिजोरी न दाखवता अशी चोरी आम्ही बघितली नव्हती. कोणी लिहिलं, फोनचा धागा लोंबकळत सोडलाय, नवखेपणा. कात्रीने दोन्ही वाचलं आणि दोघांनाही मनात हो म्हटलं. भाच्याला जाहिरातींची कामं मिळायला लागली. नातेवाईक त्याचं नाव पुन्हा मोठ्याने घ्यायला लागले.

ती स्टुडिओतच राहिली. फरक एवढाच झाला, की आता कुठलीही फाइल उघडली की ती आधी डोळे मिटून आवाज ऐकते, मग चित्र बघते. लग्नांच्या व्हिडिओत मधेच एखादं बोलणं, एखादं हुंदका आवरणं तसंच राहू द्यायला लागली, गाणं न चढवता. दोन घरांनी व्हिडिओ परत आणले. मालक वैतागून म्हणाले, "बाई, इथे चोरी नाही, लग्न आहे. गाणं लाव." एका घराने मात्र मुद्दाम तिच्याचकडून दुसऱ्या मुलाचंही काम करून घेतलं.

गेल्या उन्हाळ्यात भाच्याने दुसरा सिनेमा काढला. मास्तरांना मोठं काम द्यायचं त्याच्या मनात होतं. तो आणि मामी मिळून दुकानात गेले. मास्तरांनी सगळं नीट ऐकून घेतलं, खुशीत दिसले, चहा मागवला. मग मागच्या भिंतीकडे हात केला. तिथे शाळांच्या गणवेशांचे गठ्ठे छतापर्यंत लागले होते.

"शाळा उघडायच्या आत एवढं संपवायचंय," ते म्हणाले. "या वेळी नाही जमायचं बाबा."

भाचा आणखी आग्रह करणार होता. मामीने त्याला उठवलं, आणि दोघं बसस्टॉपकडे चालत निघाले.